पाळीव प्राण्यांच्या घरासाठी व्हॅक्यूम क्लीनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रे, मांजर किंवा दोन्ही पाळणाऱ्या घरांतून व्हॅक्यूम क्लीनरविषयी जे प्रश्न सतत येत राहतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पहिल्यांदाच यंत्र घेणाऱ्यांसाठी आहेत आणि पुढे हळूहळू अडचणीचे व अपवादाचे प्रश्न येतात. एकच गोष्ट दोन ठिकाणी लागू होत असेल, तर दुसऱ्या ठिकाणी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. विशिष्ट मॉडेलची शिफारस केलेली नाही, कारण मॉडेल दर वर्षी बदलतात. काय पाहून यंत्र निवडावे, एवढेच येथे सांगितले आहे.

१. आमच्या घरी गालिचा नाही, सगळीकडे फरशीच आहे. तरीही व्हॅक्यूम क्लीनर लागतो का?

केवळ फरशीसाठी लागतोच असे नाही. ज्या घरात लाकडी किंवा वेताचे फर्निचर आहे, कुत्रे आखूड केसांचे आहे आणि त्याला सोफ्यावर किंवा पलंगावर चढण्याची मुभा नाही, तिथे रबरी दातांचा झाडू आणि रोज ओल्या फडक्याने फरशी पुसणे एवढ्यावर भागते. अशा घराने हा खर्च करू नये, असेच आमचे मत आहे.

अडचण सुरू होते ती फुलझाडूमुळे आणि कापडामुळे. केस वजनाला इतके हलके असतात की झाडूच्या फटकाऱ्याने ते पुढे सरकण्याऐवजी वर उडतात, आणि छताचा पंखा चालू असला तर पलंगाखाली व कपाटामागे जाऊन त्यांचे पुंजके होतात. त्यामुळे झाडताना काय किंवा यंत्र फिरवताना काय, आधी पंखा बंद करावा. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवावे. कापडात, म्हणजे सोफा, गादी, पडद्यांच्या खालच्या कडा, पायपुसणी आणि गाडीच्या सीटमध्ये, रुतलेले केस मात्र कोणत्याही झाडूने निघत नाहीत. व्हॅक्यूम क्लीनर आपले पैसे वसूल करतो तो इथे. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपल्या घरात केस सर्वांत जास्त कुठे साचतात ते पाहून ठेवावे, कारण पुढची जवळपास सर्व उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत.

२. प्रकार कोणते आहेत आणि त्यांतला आमच्यासाठी कोणता?

नळीच्या यंत्रात मोटर चाकांवरच्या डब्यात असते आणि हातात फक्त नळी असते. त्यामुळे सोफा, गादी आणि पलंगाखालची जागा साफ करताना हाताला भार होत नाही. घरात कापडी फर्निचर बरेच असेल आणि एकच यंत्र घ्यायचे असेल, तर आमची पहिली पसंती यालाच आहे. मात्र आपल्याकडे मिळणाऱ्या अशा बऱ्याच यंत्रांबरोबर नळीच्या टोकाला लावायचे साधे, फिरत्या ब्रशशिवायचे तोंडच येते, तेव्हा प्रश्न ४ वाचूनच निवड करावी. बिनतारी काठीचे यंत्र रोजच्या पाच-दहा मिनिटांच्या सफाईला सोयीचे असते, कारण ते भिंतीवरून काढले की लगेच चालू करता येते आणि म्हणून ते खरोखर वापरले जाते. त्याच्या मर्यादा प्रश्न ११ मध्ये आहेत. ओले-सुके दोन्ही ओढणारे पिंपासारखे यंत्र आंगण, गाडी आणि सांडलवंड यांसाठी चांगले असते, पण ते जड असते, आवाजही करते, आणि त्याची हवा गाळण्याची व्यवस्था सहसा साधीच असते. रोबोसाठी प्रश्न १२ पाहावा. अमेरिकेत ज्या उभ्या यंत्रांची चलती आहे, ती भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असलेल्या घरांसाठी घडलेली आहेत. आपल्या फरशीच्या घरात त्यांचे फारसे काम नाही.

३. जास्त वॅटचे यंत्र जास्त ओढते, असे दुकानदार सांगतात. ते खरे आहे का?

वॅटचा आकडा यंत्र किती वीज घेते ते सांगतो, किती केर ओढते ते सांगत नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरना १,६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा घातली. त्यानंतर तिथल्या कंपन्यांनी तोंडाची रचना आणि हवेचा मार्ग सुधारून कमी विजेत काम भागवले. त्यामुळे १,८०० वॅटचे यंत्र १,२०० वॅटच्या यंत्रापेक्षा दीडपट चांगले, हा हिशेब चुकीचा आहे.

खोक्यावर पास्कल किंवा किलोपास्कलमध्ये जो आकडा असतो, तो हवेचा दाब किती खाली जातो ते दाखवतो, पण तो बहुधा नळीचे तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो. केस वाहून नेण्यासाठी दाबाइतकाच हवेचा प्रवाहही लागतो. एअर वॅट हे परिमाण दोन्हींचा विचार करते, म्हणून ते दिलेले असल्यास तुलनेसाठी अधिक उपयोगी पडते. तरीसुद्धा पाळीव प्राण्यांच्या घरात सक्शनच्या, म्हणजे ओढण्याच्या ताकदीच्या, आकड्यांपेक्षा तोंडाला कोणता ब्रश आहे हा मुद्दा मोठा आहे.

४. मग ब्रशमध्ये नेमके काय पाहायचे?

कापडात रुतलेला केस नुसत्या हवेने सुटत नाही. त्याला आधी काहीतरी घासून वर उचलावे लागते. साध्या तोंडात हे घासणे आपल्या हाताने करावे लागते. टर्बो ब्रश ओढल्या जाणाऱ्या हवेने फिरतो, म्हणजे तो सक्शनचाच थोडा भाग खर्च करतो, आणि जाड कापडावर दाबला की त्याची गती मंदावते किंवा तो थांबतो. स्वतःची मोटर असलेला ब्रश दाब पडला तरी फिरत राहतो. आपण एकाच गोष्टीवर जास्त पैसे खर्च करणार असाल, तर हातात धरण्याजोगा, वीतभर रुंदीचा, मोटरचा छोटा ब्रश यंत्राबरोबर येतो का ते पाहून तिथे खर्च करावेत. सोफा, गादी, जिन्यावरचे जाजम आणि गाडी या चारही ठिकाणी तोच उपयोगी पडतो.

फरशीसाठी गरज वेगळी असते. ताठ केसांचा वेगाने फिरणारा ब्रश व्हिट्रिफाइड टाइल किंवा संगमरवरावर केस आत घेण्याऐवजी मागे फेकतो. तिथे मऊ कापडी रोलर किंवा नुसते रुंद तोंड चांगले.

तिसरी गोष्ट देखभालीची. रोलरवर केस गुंडाळले जाणारच. ‘केस गुंतत नाहीत’ असे खोक्यावर लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ कमी गुंततात एवढाच घ्यावा. रोलर एका कडीने किंवा नाणे फिरवून बाहेर निघतो का, त्यावर कात्री सरकवण्यासाठी खाच आहे का, आणि दोन्ही टोकांच्या टोप्या उघडतात का, हे तपासावे. टोकाशी बेअरिंगमध्ये शिरलेले केस दिसत नाहीत, पण घर्षणाने तापून ब्रश निकामी करतात ते बहुधा तेच. रबरी पात्यांच्या रोलरवरून गुंडाळलेले केस ताठ केसांच्या रोलरपेक्षा सहज निघतात.

५. प्राण्याच्या जातीप्रमाणे यंत्र बदलते का?

जातीपेक्षा केसांच्या प्रकाराप्रमाणे बदलते. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, हस्की आणि आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून ओळखले जाणारे बहुतेक स्पिट्झ यांच्या अंगावर दुहेरी केस असतात. आतली मऊ लव गळू लागली की तिचे गोळे होतात आणि केर साचण्याचा लहान डबा एका खोलीतच भरतो. अशा घराने डब्याचा आकार आणि नळीची रुंदी पाहावी. दीड-दोन लिटरपेक्षा लहान डबा सारखा रिकामा करावा लागेल. पग, बीगल आणि डाल्मेशियन यांचे केस आखूड व ताठ असतात आणि ते सोफ्याच्या विणीत सुईसारखे टोचून बसतात. तिथे केवळ सक्शन हरते, मोटरचा ब्रशच लागतो. पर्शियन मांजराचा लांब, तलम केस रोलरला सर्वाधिक गुंडाळला जातो, म्हणून तिथे रोलर सहज निघणे महत्त्वाचे. कारवान हाउंड किंवा गावठी कुत्र्याचे केस सहसा आखूड असतात आणि मध्यम यंत्रावर काम भागते. कारवानमधल्या पश्मी कुत्र्याच्या कानांवर व शेपटीवर मात्र लांब झालर असते.

हेही सांगितले पाहिजे की प्राण्याला घराबाहेर किंवा गच्चीवर नेऊन नियमित विंचरले, तर घरात पडणाऱ्या केसांत जितका फरक पडतो, तितका महागडे यंत्र घेऊनही पडत नाही.

६. दुकानात प्रात्यक्षिक दाखवतात, त्यावर विश्वास ठेवावा का?

१९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी दारोदार जाऊन व्हॅक्यूम क्लीनर आपल्या घरांत पोहोचवला. गादीवरून यंत्र फिरवून पांढऱ्या कापडावर जमलेली धूळ दाखवणे हा तेव्हापासून ओळखीचा प्रयोग आहे. तो खोटा नाही, पण कोणतेही बरे यंत्र कोणत्याही गादीतून धूळ काढून दाखवेलच. टेबलावर सांडलेला रवा किंवा कागदाचे कपटे ओढून दाखवणे हीसुद्धा परीक्षा नव्हे.

आपल्या प्राण्याचे विंचरून काढलेले केस कागदाच्या पिशवीत घालून न्यावेत, सोबत घरातल्या सोफ्याच्या कापडाचा तुकडा किंवा उशीचा जुना अभ्रा न्यावा, त्यावर केस हाताने चांगले चोळून रुतवावेत आणि मग यंत्र चालवायला सांगावे. दुकानदार जरा विचित्र नजरेने पाहील, पण तीन यंत्रांतला फरक दोन मिनिटांत कळेल. त्याच वेळी बदली फिल्टर, पिशव्या आणि रोलर यांची किंमत विचारावी आणि आपल्या गावात दुरुस्ती केंद्र आहे का हेही विचारून घ्यावे. स्वस्त यंत्राचे सुटे भाग मिळत नसतील, तर ते स्वस्त पडत नाही.

७. हेपा फिल्टर म्हणजे काय, आणि तो खरा आहे हे कसे ओळखावे?

हेपा हा अतिशय दाट तंतूंचा फिल्टर आहे. अमेरिकी व्याख्येनुसार त्याने ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवले पाहिजेत. युरोपीय मानकातील एच-१३ वर्गाच्या फिल्टरने, अडवायला सर्वांत कठीण अशा आकाराचे ९९.९५ टक्के कण अडवले पाहिजेत. ‘हेपासारखा’ किंवा ‘हेपा प्रकारचा’ असे शब्द असतील, तर त्यामागे अशी कोणतीही हमी नसते.

फिल्टर खरा असूनही यंत्राचे जोड सैल असतील, तर धुळीची हवा फिल्टरला वळसा घालून बाहेर येते. म्हणून फिल्टरपर्यंतचा संपूर्ण मार्ग हवाबंद आहे, असे कंपनी स्पष्ट लिहिते का ते पाहावे. घरी तपासायचे असेल, तर खोलीत अंधार करून चिमूटभर टाल्कम पावडर ओढावी आणि हवा बाहेर पडते त्या जागी व डब्याच्या जोडांजवळ विजेरीचा झोत धरावा. झोतात कण तरंगताना दिसले, तर यंत्र गळते आहे.

८. घरात दम्याचा किंवा अॅलर्जीचा रुग्ण आहे. व्हॅक्यूम क्लीनरने त्रास कमी होईल का?

काही प्रमाणात होईल, पण अपेक्षा बेताची ठेवावी. मांजराची अॅलर्जी प्रत्यक्ष केसांची नसते. फेल डी १ नावाचे प्रथिन मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील तैलग्रंथींत तयार होते, मांजर अंग चाटते तेव्हा ते केसांना व कोंड्याला लागते, आणि त्याचे कण इतके बारीक असतात की तासन्‌तास हवेत तरंगू शकतात. मांजर दुसरीकडे पाठवल्यावरही घरातून हे प्रथिन कमी व्हायला अनेक महिने लागतात. कुत्र्यांमध्ये अशीच भूमिका कॅन एफ १ या प्रथिनाची असते, आणि पूर्णपणे ‘अॅलर्जीमुक्त’ अशी कुत्र्याची जात नसते.

अशा घरात हवाबंद बांधणीचे, हेपा असलेले आणि पिशवीचे यंत्र घ्यावे. पिशवी का, ते प्रश्न ९ मध्ये आहे. साधे, गळके यंत्र या घरात अपायच करते, कारण ते खाली बसलेले कण ढवळून हवेत सोडते. यंत्र रुग्णाने स्वतः चालवू नये, आणि सफाई झाल्यावर लगेच त्या खोलीत जाऊ नये. गादी व उशीला बारीक विणीची खोळ घालणे आणि प्राण्याला झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवणे, हे उपाय यंत्राच्या जोडीने करावेत. औषधांचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

९. पिशवीचे यंत्र घ्यावे की डब्याचे?

डब्याच्या यंत्रांचा प्रसार ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांच्या चक्रवाती रचनेमुळे झाला. ५,१२७ नमुने बनवल्यावर ती साधली, असे ते सांगतात. या रचनेत हवा वेगाने गरगर फिरवून केर बाहेरच्या बाजूला फेकला जातो. पिशव्यांचा खर्च वाचतो आणि डबा भरलेला डोळ्यांना दिसतो. पण तो रिकामा करताना केसांचा घट्ट गोळा बोटांनी ओढून काढावा लागतो आणि त्याबरोबर कोंडा व बारीक धूळ तोंडावर उडते.

पिशवी भरली की तोंड बंद करून फेकता येते, म्हणून अॅलर्जीच्या घरात ती निःसंशय चांगली. मात्र आपल्या यंत्राच्या पिशव्या वर्षानुवर्षे मिळत राहतील याची खात्री करावी. धुऊन पुन्हा वापरायची कापडी पिशवी मिळते, पण ती झटकण्याने पिशवीचा सगळा फायदाच जातो. डब्याचे यंत्र असेल, तर तो गॅलरीत नेऊन, मोठ्या कचरापिशवीच्या आत धरून रिकामा करावा.

१०. पाण्याच्या फिल्टरचे यंत्र सर्वांत स्वच्छ असते का?

पाण्यात धूळ बसलेली दिसते, त्यामुळे समाधान मोठे मिळते. जड धूळ पाण्यात थांबतेही. अगदी बारीक कण मात्र बुडबुड्यांबरोबर निसटू शकतात, म्हणून अशा यंत्रालाही शेवटी हेपा असावाच. दुसरी अडचण रोजची आहे. केस, कोंडा आणि पाणी यांचे मिश्रण काही तासांतच कुबट वास धरते, त्यामुळे प्रत्येक वापरानंतर टाकी लगेच ओतून, धुऊन, वाळवावी लागते. एवढी शिस्त घरात नसेल, तर हा प्रकार घेऊ नये. वासासाठी पाण्यात निलगिरीचे तेल किंवा फिनेल घालण्याची पद्धत मांजराच्या घरात धोक्याची आहे. काळ्या फिनेलमधील फिनॉलवर्गीय रसायने आणि अनेक सुगंधी तेले यांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही, आणि यंत्र ती हवेत पसरवते.

११. बिनतारी यंत्राची बॅटरी पूर्ण घराला पुरेल का?

जाहिरातीतली ४०–६० मिनिटे ही बहुधा सर्वांत कमी वेगावरची, आणि पुष्कळदा मोटरचा ब्रश न लावता मोजलेली असतात. केसांसाठी ब्रश आणि वरचा वेग दोन्ही लागतात, आणि तेव्हा हा काळ खूपच खाली येतो. सर्वांत वरच्या वेगावर अनेक यंत्रे १०–१५ मिनिटांतच थांबतात. दोन खोल्यांच्या घरात रोज थोडे थोडे साफ करायचे असेल तर हे पुरते. रविवारी एकदाच सगळे घर काढण्याची सवय असेल तर तारेचे यंत्र घ्यावे.

बॅटरी सुटी निघणारी असावी. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापराने आणि उष्णतेने घटत जाते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चार्जर पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर लावू नये.

१२. रोबो घेतला तर रोजची कटकट मिटेल का?

फरशीवरच्या केसांची बरीचशी मिटेल, कारण रोबो रोज फिरतो आणि पुंजके होऊच देत नाही. सोफा, गादी आणि जिना तसेच राहतात, म्हणून रोबो हे दुसरे यंत्र समजावे. घ्यायचाच असेल तर आधी घर मोजावे: पलंगाखाली सुमारे १० सेंटिमीटर मोकळी उंची आहे का, आणि उंबरठे दोन सेंटिमीटरच्या आत आहेत का. पडण्यापासून वाचण्यासाठी रोबोच्या पोटाखाली अवरक्त किरणांचे सेन्सर असतात, आणि काळ्या कडप्प्यासारखी गडद फरशी हे किरण परत पाठवत नसल्याने काही रोबो तिला खड्डा समजून तिथेच थबकतात. सतरंजीच्या दशा आणि चार्जरच्या तारा उचलून ठेवाव्यात. दारात रांगोळी असेल, तर तेवढा भाग नकाशात निषिद्ध करून ठेवावा. रोबोला सणवार कळत नाही.

खरा धोका घरात घाण करणाऱ्या पिल्लाचा किंवा म्हाताऱ्या कुत्र्याचा. विष्ठेवरून गेलेला रोबो ती घरभर सारवतो, आणि चाकांपासून ब्रशपर्यंत सगळे खोलून धुवावे लागते. ही तक्रार जगभर इतकी आहे की २०२१ साली अमेरिकेतील आयरोबोट कंपनीने एका मॉडेलबरोबर, प्राण्याची घट्ट विष्ठा टाळता आली नाही तर यंत्र बदलून देऊ, असे जाहीर वचन दिले. कॅमेऱ्याने अडथळा ओळखणारा रोबो असला, तरी पातळ जुलाब तो ओळखेल यावर विसंबू नये. जागेचे वळण लागेपर्यंत रोबो आपण घरात असतानाच, खोल्या पाहून मगच चालवावा.

१३. आमचा कुत्रा यंत्राच्या आवाजाने थरथरतो. कमी आवाजाचे यंत्र घेतले तर फरक पडेल का?

थोडा पडेल. खोक्यावर डेसिबलचा आकडा असेल तर ७० च्या आसपासचे यंत्र ८० च्या यंत्रापेक्षा स्पष्टपणे शांत वाटते. पण माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचे, कुत्र्याला सुमारे ४५ आणि मांजराला ६० च्याही पुढचे आवाज ऐकू येतात. त्यामुळे आपल्याला शांत वाटणाऱ्या मोटरची शीळ त्यांना टोचत असू शकते. सवय लावण्यासाठी यंत्र आधी काही दिवस बंद अवस्थेत खोलीत ठेवावे, जवळ खाऊ द्यावा, मग दुसऱ्या खोलीत दार लावून थोडा वेळ चालू करावे आणि अंतर हळूहळू कमी करावे. नळीवर भुंकणाऱ्या कुत्र्याला हसून चिडवू नये. त्याला तो खेळ वाटू लागतो आणि मग ब्रशला दात लागतात.

१४. यंत्र थेट प्राण्याच्या अंगावरून फिरवता येईल का?

साधे तोंड किंवा फिरता ब्रश कधीही नाही. त्वचा ओढली जाते आणि शेपूट किंवा लांब केस रोलरमध्ये अडकू शकतात. विंचरण्यासाठी बनवलेले कंगव्याचे जोड मिळतात आणि आवाजाला न घाबरणाऱ्या कुत्र्यावर ते कमी वेगाने वापरता येतात. मांजरे सहसा ते सहन करत नाहीत.

१५. पिसवा आणि गोचीड यंत्राने मरतात का?

पिसवांच्या बाबतीत उत्तर आशादायक आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ओढल्या गेलेल्या प्रौढ पिसवांपैकी सरासरी ९६ टक्के मेल्या, आणि त्यांच्या अळ्या व कोश सगळेच मेले. ब्रश आणि वेगवान हवा यांनी त्यांचे बाह्य आवरण खरवडले जात असावे, असा त्यांचा अंदाज होता. शिवाय यंत्राच्या कंपनांनी कोशातल्या पिसवा बाहेर येतात, त्यामुळे औषध मारण्यापूर्वी यंत्र फिरवणे फायद्याचे ठरते.

गोचीड चिवट असतो. आपल्याकडे कुत्र्यांवर आढळणारा तपकिरी गोचीड प्रत्येक अवस्थेनंतर कुत्र्यावरून उतरतो आणि भिंतीच्या भेगा, दाराच्या चौकटी, पलंगाचे सांधे यांत दडतो. मादी अशाच फटीत हजारो अंडी घालते. म्हणून फटींसाठीचे अरुंद तोंड घेऊन या जागा साफ कराव्यात, पण गोचीड आत जाऊन मेला असे धरून चालू नये. काम संपताच पिशवी किंवा डब्यातला केर घट्ट बांधून घराबाहेर टाकावा. पिशवीत डांबरगोळी टाकण्याची युक्ती करू नये, कारण नॅफ्थलीनची वाफ यंत्रातून घरभर जाते आणि ती कुत्र्या-मांजरांना विषारी आहे. प्राण्याच्या अंगावरील औषधोपचार पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावेत.

१६. मांजराच्या शी-शूच्या पेटीतली सांडलेली रेती ओढता येते का?

कोरडी, पेटीबाहेर सांडलेली रेती ओढता येते. ओल लागताच गोळे होणारी रेती ही सहसा बेंटोनाइट माती असते. तिची बारीक पूड फिल्टर लवकर चोंदवते, म्हणून अशा घरात पिशवीचे यंत्र बरे. ओले गोळे कधीही ओढू नयेत. पाण्याच्या फिल्टरच्या किंवा ओल्या यंत्रात तर ही रेती जाऊच देऊ नये, कारण बेंटोनाइट पाण्यात फुगून चिखल होते आणि नळीत घट्ट बसते. पेटीखाली जाळीदार चटई टाकली, तर हा प्रश्न अर्ध्याने कमी होतो.

१७. शू, उलटी किंवा ओल्या पावलांची घाण?

कोरड्या यंत्राने अजिबात नाही; मोटरपर्यंत ओल गेली तर विजेचा धक्का बसू शकतो. ओले-सुके यंत्र असल्यास कागदी फिल्टर काढून, माहितीपत्रकात सांगितलेला स्पंज बसवून मगच द्रव ओढावा. सोफ्यावरची शू आधी फडक्याने टिपून, मग एन्झाइमयुक्त द्रावण लावून, त्याच्या बाटलीवर सांगितलेला वेळ थांबून ओढावी. त्यावर वाफेचे यंत्र वापरू नये, कारण उष्णतेने डाग व वास धाग्यांत पक्के बसतात.

१८. पावसाळ्यात यंत्र चालू केले की ओल्या कुत्र्याचा वास येतो. काय करावे?

हा वास बहुधा फिल्टरचा असतो. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये धुतलेला फिल्टर २४ तासांतही वाळत नाही, आणि दमट बसवला की त्यावर बुरशी धरते. पावसाळ्यासाठी दुसरा फिल्टर विकत घेऊन ठेवावा आणि आळीपाळीने वापरावा. ‘धुता येतो’ असे लिहिलेले नसेल तर हेपा धुऊ नये, आणि कोणताही फिल्टर गॅसच्या शेगडीवर धरून वाळवू नये. फिरून आलेल्या कुत्र्याला आधी पुसावे. ओले केस नळीच्या आत चिकटतात आणि नवे केस त्यांना अडकत जातात. सक्शन अचानक कमी झाले, तर दुरुस्तीवाल्याला बोलावण्यापूर्वी नळी काढून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे.

१९. अमेरिकेतल्या मुलीने यंत्र पाठवायचे ठरवले आहे. ते इथे चालेल का?

तारेचे चालणार नाही. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा आणि आपला २३० व्होल्टचा आहे. थेट लावल्यास मोटर जळेल, आणि एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर जड व महाग पडतो. बिनतारी यंत्राच्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट असे छापलेले असेल, तर केवळ पिनेचा जोड बदलून ते चालते, पण वॉरंटी आणि सुटे भाग इथे मिळतील असे नाही. मुलगी स्वतः विमानाने आणणार असेल, तर सुटी काढलेली लिथियम बॅटरी हातातल्या सामानातच ठेवावी लागते. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी नेता येते. १०० ते १६० च्या दरम्यान असेल, तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते. बॅटरीवर वॅट-तास लिहिलेले नसतील, तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा: २५.२ व्होल्ट आणि २.५ अँपिअर-तासांची बॅटरी ६३ वॅट-तासांची होते.

इथले यंत्र घेतानाही सॉकेट पाहावे. ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला १,३८० वॅटपर्यंतच भार घ्यावा. त्यापुढच्या यंत्राला १६ अँपिअरचे सॉकेट लागते, आणि ते दिवाणखान्यात बहुधा नसते. घरगुती इन्व्हर्टरवर असे यंत्र चालवू नये.

२०. आमच्याकडे कुत्रा-मांजर नाही, कॉकटील पोपट आणि ससा आहे. हेच नियम लागू होतात का?

बरेचसे होतात. कॉकटीलच्या पिसांतून पांढरी, अतिशय बारीक पूड सतत झडत असते, म्हणून तिथे ब्रशपेक्षा प्रश्न ७ मधील हेपा आणि हवाबंद बांधणी महत्त्वाची. सशाच्या घरात गवताच्या काड्या असतात. त्या नळीच्या वळणात आडव्या बसतात आणि त्यांवर केस साचून नळी बंद होते, म्हणून तिथे रुंद नळीचे यंत्र घ्यावे आणि काड्या आधी हाताने उचलाव्यात. पिंजरा साफ करताना पक्षी किंवा ससा दुसऱ्या खोलीत ठेवावा.